कुंभार गेल्यावरही फिरणारे चाक

चऱ्होलीच्या एका अंगाला इंद्रायणीकाठची आळंदी आहे, तर दुसऱ्या अंगाला भोसरीची औद्योगिक वसाहत. एकीकडे ज्ञानदेवांची समाधी, दुसरीकडे लेथ. या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, असे साहित्याचे अभ्यासक सहसा गृहीत धरतात. 'फिरणे' या एका क्रियेचा इतिहास पाहिला, तर हे गृहीतक टिकत नाही, असे आम्हांस वाटते.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात एक दृष्टान्त येतो. चाकावर मडके घडले, कुंभाराने ते उचलून नेले, तरी आधी दिलेल्या गतीने चाक फिरतच राहते. देहाभिमान गेल्यावरही देहाचे व्यापार कसे चालू राहतात, हे तेथे सांगायचे आहे. दृष्टान्त मुळात जुना; ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तो याच प्रयोजनाने आलेला आहे. पण ज्ञानदेव त्याला एकटा ठेवत नाहीत. वारा ओसरल्यावरही डोलणारे झाड आणि लक्ष्य भेदूनही उरल्या बळाने पुढे धावणारा बाण ते त्याच्या शेजारी आणून ठेवतात. डोलणे, सरळ धावणे आणि फिरणे या तीन निराळ्या गतींत एकच तत्त्व पाहणारी ही नजर आहे. म्हणून ज्ञानदेवांना न्यूटनचा पूर्वसूरी ठरवण्याची घाई करू नये. न्यूटनने 1687 मध्ये मांडला तो मोजता येणारा नियम. येथे आहे ते अचूक निरीक्षण, आणि त्याचे प्रयोजन आध्यात्मिक आहे.

ज्ञानेश्वरी शके 1212 मधली, म्हणजे इ.स. 1290 ची. तिच्या 140 वर्षे आधी, 1150 मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्यातील गोलाध्यायात आकाश हा फिरणारा गोल आहे आणि तो समजून घेण्यासाठी वर्तुळे जोडून केलेला गोलयंत्राचा सांगाडाही आहे. पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाची कल्पनाही त्यांनी मांडली. असे चाक प्रत्यक्षात चालू शकत नाही, हे आज आपण जाणतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने यादवकाळात मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख त्याची साक्ष देतो. फिरण्याचा विचार या भूमीत केवळ उपमेपुरता नव्हता, अध्ययनाचाही विषय होता.

कुंभाराचे चाक काय किंवा घरचे जाते काय, एकाच आसाभोवती फिरते. आधी पाव फेरा आणि मग अर्धा, की आधी अर्धा आणि मग पाव, याने काहीच बिघडत नाही. वस्तू अवकाशात मोकळी झाली की मात्र क्रमाला अर्थ येतो. वाचकांनी समोर एखादे पुस्तक मुखपृष्ठ वर आणि कणा डावीकडे करून ठेवावे. पलीकडची कड उचलून ते उभे करावे आणि मग जागच्या जागी डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, पाव फेरा द्यावा. पुस्तक कपाटात असते तसे, कणा आपल्याकडे करून उभे राहील. आता क्रम उलटा करावा: आधी पाव फेरा, मग पलीकडची कड उचलणे. पुस्तक कण्यावर उभे राहील आणि मुखपृष्ठावरचे नाव आडवे होईल. क्रिया त्याच, क्रम निराळा, फलित निराळे. घन वस्तूचा एक बिंदू स्थिर असेल, तर तिची कोणतीही नवी स्थिती एकाच आसाभोवतीच्या एका फेऱ्याने गाठता येते, हे ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केले. अशा फेऱ्यांचे गणित मांडणाऱ्या चतुष्टक-संख्या हॅमिल्टनला 1843 मध्ये डब्लिनमध्ये सुचल्या. पाच आसांच्या सीएनसी यंत्रात तीन सरकण्याचे आस असतात आणि दोन फिरण्याचे. तेथे क्रम चुकला की धातूचा तुकडा वाया जातो.

क्रमाने अर्थ बदलतो, हे भाषेच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. तरीही आपल्या वर्गांत कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त 'अलंकार' म्हणून परीक्षेपुरता उरतो, आणि 'परिवलन', 'परिभ्रमण' हे शब्द भूगोलाच्या पुस्तकात व्याख्या होऊन पडतात. फिरवून सोडणे यासाठी जुन्या मराठीत 'भोवंडणे' हे जिवंत क्रियापद होते. आसाला आपण आजही आसच म्हणतो, आणि तो शब्द गाडीच्या चाकातून आला आहे. या परिसरात सकाळी कविता शिकून दुपारी यंत्रावर उभे राहणाऱ्या मुलाला, आपल्या हाताखालच्या गतीला आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वीच शब्द मिळाला होता, हे कळायला हवे. ते काम अभियांत्रिकी महाविद्यालयाचे नाही. मराठी विभागाचे आहे.