नव्या कॅरेक्टरचे पैसे कुणाच्या खिशातून?

१९९१ साली कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर २’ पार्लरमध्ये आणला तेव्हा निवडायला आठ जण होते. रियू, केन, चुन-ली, गाईल, ब्लांका, होंडा, झांगीफ आणि जपानी चित्रकारांनी कल्पिलेला भारतीय योगी धालसिम. शेवटच्या चार लढती मात्र चार बॉसबरोबर. ते संगणकाच्या हाती. त्यांना हरवता यायचं, पण त्यांना घेऊन खेळता यायचं नाही. पडद्यावर दिसतोय, हालतोय, आपल्याला लोळवतोय, पण निवडीच्या चौकटीत त्याचं नाव नाही! त्यांतल्या सगॅटकडून मार खाल्लेल्या प्रत्येकाला सगॅट हवा होता. पुढे या हवेपणाचाच धंदा झाला.

१९९२ मध्ये ‘चॅम्पियन एडिशन’ आली आणि चारही बॉस खेळाडूच्या हाती आले. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २’ ने कॅमी, फे लाँग, डी जे आणि टी. हॉक हे चार नवे आणले. एकूण सोळा. दर आवृत्तीचा खर्च असायचा, पण तो पार्लरच्या मालकाने करायचा. खेळणाऱ्याचं नाणं तेवढंच. कॅमी नवी म्हणून तिला जादा दर नव्हता. नाणं टाकायचं, तिला घेऊन बघायचं, नाही जमली तर पुढच्या नाण्याला परत आपला केन. आपल्याकडे ज्यांनी पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळला त्यांना ही रीत सांगायला नको. मागे उभं राहून दुसऱ्याचा हात बघायचा, कुठलं बटण कधी दाबतो ते टिपायचं आणि नंबर लागला की तेच कॅरेक्टर घेऊन बघायचं. नव्या कॅरेक्टरची पारख करण्याची याहून स्वस्त सोय पुढे बरीच वर्षं मिळाली नाही. डाउनलोड करायचे पॅक घ्यावेत का, या आजच्या प्रश्नाची गोम मला तिथेच दिसते. किंमत वाढली हे खरं दुखणं नाही. आधी खेळून बघण्याची सोय गेली, हे आहे.

घरच्या कन्सोलवर ती लगेच गेली. सुपर निन्टेंडोवर ‘स्ट्रीट फायटर २’ १९९२ मध्ये आला, ‘टर्बो’ १९९३ मध्ये, ‘सुपर’ १९९४ मध्ये. तिन्ही वेगळ्या कार्ट्रिज, तिन्ही पूर्ण किमतीच्या. चार नवे लढवय्ये हवे असतील तर आधीच्या सगळ्यांचे पैसे पुन्हा भरा. ‘आमच्या वेळी एकदा पैसे दिले की अख्खा गेम मिळायचा’ असं जुने खेळाडू हळहळून सांगतात, त्यांना ही तीन वर्षं दाखवावीत. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने आहे. कार्ट्रिज मित्राला देता यायची, विकता यायची. डाउनलोड केलेलं कॅरेक्टर खात्याला चिकटतं आणि तिथेच राहतं.

२००९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ घराघरांत गेला. २०१० मध्ये ‘सुपर’ आला, दहा नवी कॅरेक्टर घेऊन, पण वेगळ्या डिस्कवर, ४० डॉलरना. २०११ ची ‘आर्केड एडिशन’ मात्र ज्यांच्याकडे ‘सुपर’ होता त्यांना १५ डॉलरमध्ये डाउनलोड करून मिळाली. चार नवे लढवय्ये आणि सगळ्यांची नव्याने बसवलेली ताकद. आहे त्या गेमवर फक्त फरकाची रक्कम. या सगळ्या इतिहासातला हा मला सर्वांत सरळ सौदा वाटतो. त्याच वर्षी त्याच कंपनीने उलटंही करून दाखवलं. फेब्रुवारीत आलेल्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ साठी जिल व्हॅलेंटाइन आणि शुमा-गोरॅथ प्रत्येकी ५ डॉलरना विकले आणि नोव्हेंबरात बारा नव्या कॅरेक्टरांसह ‘अल्टिमेट’ नावाची वेगळी डिस्क ४० डॉलरना आणली.

मग आला मार्च २०१२. ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ बाजारात आला आणि लोकांनी डिस्कमधल्या फायली उघडून पाहिल्या. आत बारा कॅरेक्टर तयार बसलेली. ब्लांका, गाईल, सकुरा, एलेना, कोडी, डडली. टेकनच्या गोटातून लार्स, लेई, अलिसा, ब्रायन, क्रिस्टी, जॅक-एक्स. ती पुढे २० डॉलरना विकायची होती. जी डिस्क मी विकत घेतली तिच्यावरचीच माणसं मला पुन्हा विकता, असा संताप उसळला, आणि तो रास्त होता. कंपनीचं उत्तर असं की ज्याने विकत घेतलंय आणि ज्याने नाही, त्या दोघांना एकमेकांशी खेळता यावं म्हणून फायली आधीच ठेवल्या. या उत्तराची त्या वेळी टर उडाली. तांत्रिकदृष्ट्या मात्र त्यात तथ्य आहे. समोरचा लार्स घेऊन आला तर माझ्या मशीनलाही लार्स काढता यायला हवा, त्याचा प्रत्येक ठोसा माझ्या पडद्यावर त्याच क्षणी पडायला हवा. आज हेच सर्रास होतं. नवं कॅरेक्टर आलं की त्याच्या फायली अपडेटबरोबर सगळ्यांकडे उतरतात, न घेतलेल्यांच्या हार्ड डिस्कवरही. पैसे भरले की कुलूप उघडतं, एवढंच. २०१२ मध्ये ज्यावर वादळ उठलं ती पद्धत आपण सगळ्यांनी निमूट स्वीकारली आहे. बदललं ते इतकंच की कॅरेक्टर आता बहुधा गेम आल्यानंतर घडवलं जातं. माझ्या मते हा फरक मोठा आहे, कारण नंतर केलेल्या कामाचे नंतर पैसे मागण्यात गैर काही नाही.

हे काम केवढं असतं, ते २०१३ च्या सुरुवातीला ‘स्कलगर्ल्स’ च्या लोकांनी उघड मांडलं. लॅब झीरो हा छोटा स्टुडिओ. चित्रं हाताने काढलेली. स्क्विगली नावाचं एक कॅरेक्टर करण्यासाठी त्यांनी इंडिगोगोवर लोकवर्गणीची हाक दिली आणि मागितले दीड लाख डॉलर. एका कॅरेक्टरला दीड लाख? लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी पै-पैचा हिशेब समोर ठेवला. आठ जणांचा दहा आठवड्यांचा पगार ४८,०००, म्हणजे माणशी आठवड्याला ६०० डॉलर. बाहेरून करून घेतलेलं अ‍ॅनिमेशन ३०,०००. चाचणी २०,०००. कन्सोल कंपन्यांच्या मंजुरीसाठी १०,०००. आवाजाचं ध्वनिमुद्रण ४,०००. शरीराचा कुठला भाग कुठल्या चित्राला मार देतो आणि कुठला मार खातो, ते आखायचं काम २,०००. उरलेले वर्गणीदारांच्या भेटवस्तू, देणग्यांवरचं शुल्क आणि ध्वनी गेममध्ये बसवण्याचे. अखेरीस जमले आठ लाखांहून जास्त, आणि त्यातून एकाऐवजी पाच कॅरेक्टर झाली. ती बाहेर पडल्यावर सुरुवातीचे काही महिने सगळ्यांना फुकट दिली. पाच-सहा डॉलर जास्त वाटतात का, यावर बोलण्याआधी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘किलर इन्स्टिंक्ट’ ने ‘सीझन’ रुळवला. गेम फुकट, एक कॅरेक्टर फुकट, बाकीची हवी तशी घ्या किंवा सगळा सीझन एकदम घ्या. २०१६ चा ‘स्ट्रीट फायटर ५’ याच वाटेने गेला. सोळा जणांनिशी सुरुवात, पहिल्या वर्षी आणखी सहा. सहाही एकदम हवेत तर ३० डॉलरचा पास, नाहीतर खेळून कमावलेल्या एक लाख ‘फाइट मनी’ ला एक. नवी डिस्क पुन्हा घ्यावी लागणार नाही, हे आश्वासन त्यांनी पाळलं. पण पासची खरी ओळख पहिल्याच वर्षी पटली. पैसे आधी, कॅरेक्टर वर्षभरात. हातात पडतात ती सहा नावं. त्यांचा वेग काय, पल्ला काय, आपल्या बोटांना ती जमतील का, यातलं काहीच ठाऊक नसतं.

आणि ऑनलाइन खेळणाऱ्याची अडचण वेगळीच. डिसेंबर २०१९ मध्ये ‘टेकन ७’ मध्ये लिरॉय स्मिथ आला. तो इतका भारी निघाला की जानेवारी २०२० मध्ये जपानच्या ईव्हो स्पर्धेतल्या अंतिम आठांपैकी सहा जण लिरॉयच घेऊन बसले होते. विजेताही लिरॉयवालाच. पुढे त्याची ताकद कमी केली, ते झालंच. पण ज्यांना लिरॉय नकोच होता त्यांचं काय? त्याचा कुठला वार अडवल्यावर उलटा ठोसा बसतो ते शिकायचं तर सरावात तो समोर उभा करावा लागतो, आणि विकत घेतल्याशिवाय तो उभा राहत नसे. म्हणजे खेळायला नव्हे, हरू नये म्हणून घ्यायचा. पार्लरमध्ये मागे उभ्या असलेल्या पोराला ही माहिती फुकट मिळायची. शिकण्यावर असं कुलूप लावणं मला आजही पटत नाही.

पाहुण्या कॅरेक्टरांचं गणित आणखी निराळं. ‘मॉर्टल कॉम्बॅट १’ च्या पहिल्या पॅकमध्ये सहांपैकी तीन जण सिनेमा-मालिका-कॉमिक्सच्या दुनियेतले होते. ज्याला त्यांतला होमलँडर आवडतो त्याने तो आवडीसाठी जरूर घ्यावा. फक्त हक्क दुसऱ्याचे असतात हे लक्षात असावं. मार्व्हलबरोबरचा करार संपला तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये ‘अल्टिमेट मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ डिजिटल दुकानांतून उतरवला गेला आणि परत यायला तीनेक वर्षं लागली. जिल आणि शुमा-गोरॅथ ज्यांनी तोवर घेतले नव्हते ते बसले वाट पाहत.

‘स्ट्रीट फायटर ६’ ने २०२३ पासून भाड्याची तिकिटं ठेवली आहेत. पैसे न भरता नवं कॅरेक्टर तासाभरासाठी घेऊन बघता येतं. कौतुक करावं अशी ही गोष्ट आहे. पण त्याच गेममध्ये एक कॅरेक्टर ३५० फायटर कॉइनना मिळतं आणि ही नाणी २५०, ६१० अशा गठ्ठ्यांत विकली जातात. हवं ते एक घ्यायला गेलं की काही नाणी उरणारच, आणि उरलेली नाणी पुढच्या खरेदीला ओढणार. असा गठ्ठा बांधणाऱ्याला गणित चांगलं येतं. त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो की पास आगाऊ घेऊ नका. सोफ्यावर भावंडांबरोबर खेळणाऱ्याला ‘स्ट्रीट फायटर ६’ चे मूळचे अठरा किंवा ‘टेकन ८’ चे बत्तीस पुष्कळ झाले. त्यातला एक नीट यायलाच वर्ष जातं. तिकीट मिळत असेल तर तो तास सरावात घालवा, आणि तास संपल्यावर हात शिवशिवला तर तेवढं एकच कॅरेक्टर पूर्ण किमतीला घ्या, सवलतीची वाट पाहू नका. रँकिंगसाठी रोज रात्री ऑनलाइन उतरणाऱ्याने मात्र पास घ्यावा, त्याची सगळ्यांशीच गाठ पडणार आहे. आणि ज्याला घाई नाही त्याने थांबावं. जून २०२५ मध्ये स्विच २ वर ‘स्ट्रीट फायटर ६’ आला तो पहिल्या दोन वर्षांची आठही कॅरेक्टर आत घेऊन. एका खरेदीत सव्वीस जण, १९९१ च्या त्या चार बॉसपैकी एम. बायसनसकट.