ओसाकाचा आरसा : प्रेक्षकाने पूर्ण करायचे दालन

१/ 'लाइट अँड साउंड शो' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाल किल्ला किंवा शनिवारवाडा येतो. अंधार पडतो, भिंती रंगीत प्रकाशाने उजळतात, खर्जातला आवाज इतिहास सांगू लागतो आणि प्रेक्षक खुर्चीत बसून ऐकतात. या प्रकाराचा उगम १९५२ साली फ्रान्समधील शांबोर येथील राजवाड्यात झाला. १९७० साली जपानमधील ओसाका येथे मात्र प्रकाश आणि ध्वनीचे एक असे दालन उभे राहिले, जिथे खुर्च्या नव्हत्या, निवेदक नव्हता आणि ठरलेली संहिताही नव्हती. हा थ्रेड त्या दालनाविषयी.

२/ हे दालन उभे केले कलावंत आणि अभियंते यांच्या एका संघटनेने. पैसा दिला पेप्सी-कोला कंपनीने. अवघ्या काही आठवड्यांत दोघांचे बिनसले आणि दालन घडवणाऱ्यांनाच तिथून बाहेर पडावे लागले. भांडण पैशावरून झाले खरे, पण त्याच्या मुळाशी प्रश्न वेगळाच होता : जी कलाकृती प्रेक्षकाच्या सहभागानेच पूर्ण होते, ती 'बांधून झाली' असे नेमके कधी म्हणायचे?

३/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने एक दालन उभारले होते. त्यामागे ल कॉर्बुझिए आणि यानिस झेनाकिस ही जोडी होती, संगीत एडगार व्हारेझ यांचे होते. तीनशेहून अधिक स्पीकरमधून ध्वनी भिंतींवरून धावत जाई, सोबत चित्रे आणि रंगीत प्रकाश. त्या काळाच्या मानाने सारेच अचाट. परंतु हा खेळ आठ मिनिटांचा होता आणि आत येणाऱ्या प्रत्येक गटाला तीच आठ मिनिटे मिळत. प्रेक्षक असला काय नि नसला काय, यंत्रणेला फरक पडत नव्हता.

४/ हा फरक पडावा, अशी इच्छा असणाऱ्यांमध्ये एक अभियंता होता : बिली क्लूव्हर. स्वीडनमध्ये वाढलेले क्लूव्हर अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करत. १९६० साली शिल्पकार झां टिंगेली यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत स्वतःलाच मोडून टाकणारे एक यंत्र उभे केले. त्याच्या उभारणीत क्लूव्हर यांनी हातभार लावला. कलावंताने कल्पना सांगावी आणि अभियंत्याने मुकाट्याने तारा जोडाव्यात, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. दोघे बरोबरीचे भागीदार असावेत, असा त्यांचा आग्रह होता.

५/ या आग्रहाची मोठी परीक्षा ऑक्टोबर १९६६ मध्ये झाली. न्यूयॉर्कमधील एका लष्करी कवायतगृहात 'नाइन इव्हनिंग्ज' हा नऊ संध्याकाळींचा प्रयोग भरला. दहा कलावंत आणि सुमारे तीस अभियंते त्यात सहभागी होते. याच इमारतीत १९१३ साली भरलेल्या 'आर्मरी शो'ने अमेरिकेला युरोपीय आधुनिक चित्रकलेचा धक्का दिला होता. म्हणजे स्थळाची निवडही बोलकी होती.

६/ रॉबर्ट राउशेनबर्ग यांचा प्रयोग पाहा. मैदानात टेनिसचा सामना सुरू आहे. रॅकेटच्या मुठीत छोटा मायक्रोफोन आणि रेडिओ ट्रान्समीटर बसवलेला. चेंडू रॅकेटवर आदळला की तो आवाज घंटेसारखा सभागृहभर घुमे आणि प्रत्येक फटक्यासरशी एक दिवा विझे. सामना संपेपर्यंत पूर्ण अंधार. मग त्या अंधारात शेकडो माणसे येऊन उभी राहत आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांमुळे ती केवळ पडद्यावर दिसत. शरीराची हालचाल हीच इथे प्रकाश आणि ध्वनी चालवणारी कळ झाली होती.

७/ याच सुमारास क्लूव्हर, राउशेनबर्ग, अभियंता फ्रेड वाल्डहाउअर आणि कलावंत रॉबर्ट व्हिटमन यांनी 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' म्हणजे ई.ए.टी. ही संघटना स्थापन केली. १९६८ साली राउशेनबर्ग यांनी 'साउंडिंग्ज' हे लांबलचक मांडणशिल्प केले. समोर उभे राहून बोलले, टाळी वाजवली, की आतले दिवे लागत आणि खुर्च्यांच्या प्रतिमा दिसू लागत. सारे गप्प राहिले, तर काचेत आपलेच प्रतिबिंब. प्रेक्षक मुका राहिला तर कलाकृतीही मुकी.

८/ आता पेप्सीकडे वळू. १९६४ सालच्या न्यूयॉर्क प्रदर्शनात कंपनीने डिस्नेकडून एक दालन करून घेतले होते. ओसाकाचे प्रदर्शन १५ मार्च ते १३ सप्टेंबर १९७० या काळात भरणार होते. तिथे कंपनीला तरुणांना ओढून घेईल असे काही नवे हवे होते. चित्रपट आणि शिल्पे करणारे रॉबर्ट ब्रीअर यांच्यामार्फत १९६८ च्या अखेरीस हा विषय क्लूव्हर यांच्यापर्यंत पोहोचला. ब्रीअर, व्हिटमन, शिल्पकार फॉरेस्ट मायर्स आणि संगीतकार डेव्हिड ट्यूडर या चौघांभोवती काम सुरू झाले. पुढे अमेरिका आणि जपानमधील कित्येक कलावंत व अभियंते त्यात आले.

९/ पहिली अडचण इमारतीचीच. कागदाच्या घड्यांसारखे कोन असलेला पांढरा घुमट आधीच ठरून गेला होता. व्यास १२० फूट. कलावंतांना तो मुळीच पसंत नव्हता, पण बदलण्याची सोय नव्हती. मग त्यांनी एक विलक्षण तोड काढली : घुमट धुक्यात बुडवून टाकायचा.

१०/ हे काम टोकियोच्या फुजिको नाकाया यांच्याकडे आले. त्यांचे वडील उकिचिरो नाकाया हे हिमकणांचे जगप्रसिद्ध अभ्यासक. प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक प्रथम त्यांनीच तयार केला. फुजिको यांची अट एकच होती : धुके शुद्ध पाण्याचेच हवे. रसायने नकोत, कारण माणसांनी त्यात शिरावे, श्वास घ्यावा, ओले व्हावे. ढगांचा अभ्यास करणारे कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ थॉमस मी यांनी ती मान्य केली. त्यांनी तयार केलेल्या २,५२० नोझलच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून उच्च दाबाचे पाणी बाहेर पडे आणि त्याचे धुके होई.

११/ हे धुके कोणाच्याही हुकमतीत नव्हते. वारा आला की ते एका बाजूला कलंडे, हवा दमट असली की रेंगाळे, कोरडी असली की विरून जाई. म्हणजे दालनात पाऊल टाकण्यापूर्वीच, रोज वेगळे दिसणारे एक शिल्प प्रेक्षकाला भेटत असे.

१२/ बाहेरच्या अंगणात ब्रीअर यांची सात पांढरी शिल्पे होती, माणसाच्या उंचीची, घुमटाच्या आकाराची. ती चालत, पण मिनिटाला दोन फुटांपेक्षाही कमी वेगाने. कोणी आडवे आले, हाताने अडवले, की दिशा बदलत. त्यांच्यातून हलके आवाज येत. रात्री मायर्स यांच्या झेनॉन दिव्यांचे झोत चार खांबांवरून एकमेकांकडे जात आणि घुमटाभोवती प्रकाशाची चौकट तयार होई.

१३/ आत शिरल्यावर आधी लागे एक अंधारी, शिंपल्याच्या आकाराची खोली. लॉवेल क्रॉस यांच्या लेसर यंत्रणेतून निघालेले रंगीत किरण ध्वनीच्या तालावर थरथरत आणि माणसांच्या अंगावर नक्षी उमटवत. तिथून जिन्याने वर गेले की मुख्य दालन, म्हणजे आरशाचा घुमट.

१४/ हा आरसा काचेचा नव्हता. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलर या पातळ प्लास्टिक पापुद्र्याचा तो होता. व्यास ९० फूट, आकार अर्धगोलापेक्षा थोडा अधिक, २१० अंशांचा. इतका मोठा पापुद्रा सुरकुतीविना ताणायचा कसा? पापुद्रा आणि बाहेरचा घुमट यांच्यामधली हवा ओढून घेऊन तिथला दाब कमी ठेवला गेला. त्यामुळे दालनातली हवा पापुद्र्याला सर्व बाजूंनी बाहेर ढकलून अचूक गोलाकार देई.

१५/ सप्टेंबर १९६९ मध्ये या आरशाची चाचणी झाली, ती कॅलिफोर्नियातील सांता आना येथे, मरीन कोअरच्या तळावरील एका प्रचंड हँगरमध्ये. एवढी मोठी बंदिस्त जागा लष्कराकडेच होती. ते व्हिएतनाम युद्धाचे दिवस. नवे तंत्रज्ञान म्हणजे लष्कर आणि मोठ्या कंपन्या, अशी तरुणांची धारणा असलेल्या काळात, त्याच तंत्रज्ञानाला खेळाचे आणि कुतूहलाचे रूप देण्याचा हा खटाटोप होता.

१६/ आता शाळेतले प्रकाशशास्त्र आठवा. अंतर्गोल आरशाच्या वक्रता केंद्राजवळ वस्तू ठेवली की तिची वास्तव आणि उलटी प्रतिमा केंद्राच्या दुसऱ्या बाजूला, जवळपास त्याच आकाराची उमटते. इथे वस्तूच्या जागी माणसे होती. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला डोक्यावरच्या हवेत स्वतःचीच उलटी आकृती तरंगताना दिसे. ती सपाट चित्रासारखी नव्हती. जागा बदलून पाहिले की तिची दुसरी बाजू दिसे. आपण हात वर केला की ती हात खाली आपल्याकडे लांबवे.

१७/ आरशाच्या मागे ३७ स्पीकरची जाळी होती. ट्यूडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेल्या यंत्रणेतून ध्वनी एका बिंदूवर स्थिर ठेवता येई, रेषेत पळवता येई किंवा डोक्यावरून गोल फिरवता येई. गोलाकार छतामुळे तो परावर्तित होऊन अनपेक्षित ठिकाणी एकवटे.

१८/ याशिवाय प्रत्येकाच्या हाती एक बिनतारी श्रवणयंत्र दिले जाई. जमीन दहा भागांत विभागलेली होती आणि प्रत्येक भागाचे साहित्य निराळे : फरशी, लाकूड, डांबर, कृत्रिम हिरवळ. जमिनीखाली तारांची वेटोळी होती. यंत्र कानाला लावून फरशीवर उभे राहिले की घोड्यांच्या टापा आणि काच फुटल्याचा आवाज येई. हिरवळीवर गेले की बदके, बेडूक, रातकिडे आणि सिंहाची डरकाळी. कोणत्या वाटेने चालायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी ऐकलेले संगीतही सारखे नसे.

१९/ यातील एक धागा भारतात येतो. १९६९ साली ट्यूडर अहमदाबादला आले आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) त्यांनी मूग सिंथेसायझर असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. ट्यूडर यांचे सहकारी जॉन केज यांना १९४६ मध्ये भारतीय संगीताची ओळख करून दिली होती, ती अहमदाबादच्याच गीता साराभाई यांनी. त्यांनी स्वतःही पुढे या स्टुडिओत काम केले. तिथे झालेली ध्वनिमुद्रणे अनेक दशकांनी पुन्हा ऐकली जाऊ लागली आहेत. त्याच वर्षी ई.ए.टी.चा एक गट आणंदच्या दूध सहकारी चळवळीसाठी शैक्षणिक टेलिव्हिजन कार्यक्रम कसे करावेत, याचाही विचार करत होता.

२०/ ओसाकाला परतू. मार्च १९७० मध्ये दालन खुले झाले. ई.ए.टी.च्या दृष्टीने ते एक वाद्य होते. तरुण कलावंतांनी एकामागून एक यावे, या आरशात आणि या स्पीकरांवर नवे प्रयोग करावेत, आणि प्रेक्षकांच्या वावराने ते दर दिवशी बदलत राहावेत, अशी योजना होती. कंपनीच्या दृष्टीने ते एक दालन होते : एकदा बांधावे, सुरू करावे आणि सप्टेंबरपर्यंत चालू द्यावे.

२१/ देखभाल आणि कार्यक्रमांचे अंदाजपत्रक पुढे आले तेव्हा ते आधीच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक झाले होते. कंपनीने नकार दिला. एप्रिल १९७० मध्ये ई.ए.टी.ला दालनाच्या संचालनातून बाहेर पडावे लागले आणि नियोजित कार्यक्रम थांबले. आरसा, धुके, स्पीकर सारे जागेवर राहिले, पण ते वाजवण्यासाठी ठरलेली माणसे गेली.

२२/ यात एक बाजू खलनायक ठरवणे सोपे, पण अपुरे. कंपनीने बरेच धाडस दाखवले होते आणि वाढत्या खर्चाला कुठेतरी मर्यादा घालणे स्वाभाविक होते. कलावंतांचेही म्हणणे खरे होते : चालवणारे नसतील तर वाद्याचे फर्निचर होते. चूक करारातच दडली होती. वास्तू उभारण्याचा खर्च दोघांनी मोजला. ती रोज जिवंत ठेवण्याचा खर्च हाही कलाकृतीचाच भाग आहे, यावर मात्र वेळेत एकमत झाले नाही.

२३/ त्या प्रदर्शनाला ६ कोटी ४० लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. बहुतेक दालनांप्रमाणे हा घुमटही आज उरलेला नाही. त्या जागी आता उद्यान आहे आणि तारो ओकामोतो यांचा 'सूर्याचा मनोरा' तिथे अजून उभा आहे. नाकाया यांनी मात्र धुके सोडले नाही. पुढील अनेक दशके जगभर त्यांची धुक्याची शिल्पे होत राहिली. बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाबाहेर त्यांपैकी एक कायमस्वरूपी आहे.

२४/ आज संग्रहालयांत, मॉलमध्ये, उत्सवाच्या मंडपांतही स्पर्शाने उजळणाऱ्या भिंती आणि पावलांना प्रतिसाद देणारी जमीन दिसते. सेन्सर स्वस्त झाले, संगणक खिशात मावू लागले. तरी उद्घाटनानंतर काही महिन्यांनी जाऊन पाहावे, तर त्यातील कित्येक भिंती विझलेल्या असतात आणि पडद्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी असते. असे काही उभारू पाहणाऱ्याने ओसाकाच्या आरशाचा व्यास जरूर अभ्यासावा. त्याआधी, उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी दिवे लावायला कोण येणार आणि त्याचा पगार कोण देणार, हे मात्र लिहून घ्यावे.