पेपर किती छापले, की शोधलं काय?

वाशिम, रिसोड, कारंजा... आपली कॉलेजं अमरावती विद्यापीठाला जोडलेली. तिथं प्राध्यापकांच्या बढतीत छापलेले पेपर मोजतात. हे मोजणं आलं कुठून?

1964 मध्ये अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. कोणत्या संशोधनाचा आधार पुढे कोणी घेतला, हे शोधायचं ते साधन. पुढे त्यावरूनच माणसाची, विद्यापीठाची, देशाची पत ठरू लागली.

आपल्याकडे यूजीसीने 2010 मध्ये एपीआय गुण आणले. पेपरला गुण, गुणांवर बढती. मग काय, पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीकच आलं.

2018 मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनीच सुचवलेली हजारावर नियतकालिकं तपासली. जवळपास 88 टक्के निकषांत बसली नाहीत! त्याच वर्षी यूजीसीने यादीतून 4,305 नावं काढली. 2019 मध्ये नवी केअर यादी आली, 2025 मध्ये तीही बंद केली. आता पारख कॉलेजांनीच करायची.

म्हणून सरांना पेपर किती, हे विचारू नका. आपल्या सोयाबीनवर, आपल्या पाण्यावर काय शोधलं, ते विचारा. आणि मराठीत सांगा म्हणावं.