जाहीरनाम्याच्या आधीच्या होड्या

एक जानेवारी जवळ आला की वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, इंग्रजांनी आपल्याला फौजेत घेतलं, हे उपकार की वापर?" कोरेगावचे उत्तर मी एकट्या कोरेगावात शोधत नाही. त्याच्या चारच वर्षे आधी याच साम्राज्याचे आरमार अमेरिकेच्या किनाऱ्यावर काय करीत होते, ते आधी सांगतो.

१८१२ साली अमेरिका आणि ब्रिटन यांचे युद्ध जुंपले. १८१३ मध्ये रिअर ॲडमिरल जॉर्ज कॉकबर्नची जहाजे चेसापीक उपसागरात शिरली. काठावर मेरीलँड-व्हर्जिनियाचे मळे, मळ्यांवर राबणारे काळे गुलाम. रात्री मालकाच्याच होड्या सोडून, बायकापोरांसह ही माणसे जहाजांकडे वल्हवत येऊ लागली. गुलामांचा उठाव चिथावू नका, अशी लंडनची ताकीद होती. पण आलेल्या माणसांना खाडीची वाट न् वाट ठाऊक होती, आणि आरमाराला वाटाडे हवे होते.

मग २ एप्रिल १८१४ रोजी व्हाइस ॲडमिरल अलेक्झांडर कॉक्रेनने बर्म्युडातून जाहीरनामा काढला. अमेरिका सोडू इच्छिणाऱ्यांनी कुटुंबासह यावे. फौजेत शिरावे, नाहीतर ब्रिटिश वसाहतीत स्वतंत्र रहिवासी व्हावे. या अख्ख्या कागदात 'गुलाम' हा शब्द नाही! का नसावा? वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांवर साम्राज्याची स्वतःची गुलामगिरी १८३४ पर्यंत चालू होती, आणि खुद्द कॉक्रेनचा त्रिनिदादमध्ये मळा होता. इतिहासाची पुस्तके जाहीरनाम्याची तारीख देतात. होड्या त्याच्या वर्षभर आधी निघाल्या होत्या, हे मात्र मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

आलेल्यांतून 'कलोनियल मरीन्स' हे पथक उभे राहिले. टँजिअर बेटावर त्यांची कवायत चाले. या माणसांच्या हिमतीविषयी कॉकबर्नला आधी शंका होती. मे महिन्यातल्या चकमकीत त्यांना लढताना पाहिल्यावर त्याचा सूर बदलला. (हा सूर आपल्या ओळखीचा आहे.) २४ ऑगस्टला ब्लेडन्सबर्गच्या लढाईत ते होते. त्याच रात्री वॉशिंग्टन जळाले.

डिसेंबर १८१४ मध्ये गेंट येथे तह झाला. अमेरिकेने आपली 'मालमत्ता' परत मागितली. जहाजांवर आलेल्या माणसांना परत देण्यास ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नकार दिला. त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण पुढचा हिशेबही वाचला पाहिजे. वाद रशियाच्या झारकडे गेला आणि १८२६ मध्ये ब्रिटनने १२,०४,९६० डॉलर मोजायचे ठरले. कुणाला? मालकांना. आयुष्यभर फुकट राबलेल्या माणसाच्या घामाचा त्यात एक सेंटही नव्हता.

आपला हिशेबही फार वेगळा नाही. कोरेगावच्या स्तंभावर आमची नावे कोरणाऱ्या साम्राज्यानेच १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती' ठरवून महारांची भरती बंद केली.

पण मरीन्सची गोष्ट तहापाशी संपत नाही. त्यांना बर्म्युडाला नेले, गोदीच्या कामाला जुंपले. वेस्ट इंडिया रेजिमेंटमध्ये जा, असे फर्मावले गेले. त्यांनी साफ नकार दिला. जहाजावर येताना आपण काय ठरवून आलो, हे ते विसरले नव्हते. अखेर १८१६ मध्ये त्यांना त्रिनिदादच्या दक्षिणेत माणशी सोळा एकर जंगल मिळाले. ते तोडून त्यांनी शेती केली, आणि गावांना आपल्या तुकड्यांचीच नावे दिली. थर्ड कंपनी, फिफ्थ कंपनी ही गावे आजही तिथे आहेत.