पुण्यातल्या 'तरुण' वास्तू वारसा कधी ठरणार?

पुण्याच्या वास्तू म्हटलं की शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, आगाखान पॅलेस ही नावं पटकन येतात. स्वातंत्र्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती मात्र रोज समोर दिसूनही नजरेआड राहतात.

पुण्याचा प्रित्झ्कर विजेता

वास्तुकलेतलं नोबेल मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे कामाला गेले आणि पुढे अहमदाबादला स्थायिक झाले. प्रित्झ्कर मिळाला २०१८ मध्ये. उघडं काँक्रीट आणि सरळ रेषा ही आधुनिक शैली युरोपातून आली होती. तिला इथलं ऊन, पाऊस आणि अंगण कसं मानवणार, हा दोशींच्या पिढीपुढचा प्रश्न होता.

आयुका: कुंडाभोवती खगोलशास्त्र

या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सुरू झाली. तिची रचना चार्ल्स कोरिया यांनी केली. इमारतींच्या मध्यभागी मोकळं कुंड आहे, देवळापुढच्या पुष्करिणीसारखं. भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. भिंतींमध्ये खाली स्थानिक काळा दगड, त्यावर कडप्पा आणि वर चकचकीत काळा ग्रॅनाइट. रंग एकच, पण वर जाताना दगड गुळगुळीत होतो आणि त्यात आकाशाचं प्रतिबिंब पडतं. ना वाड्याची नक्कल, ना परदेशी साच्याची.

बालगंधर्व: चित्र आणि इमारत एकत्र

जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली. २६ जून १९६८ रोजी ते खुलं झालं, पण ते पाहायला बालगंधर्व नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं. चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगवलेली त्यांची भव्य चित्रं, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं, ही या वास्तूची ओळख बनली.

मग अडचण कुठे आहे?

वय कमी असणं हीच अशा इमारतींची अडचण. दिल्लीत राज रेवल यांनी १९७२ मध्ये उभारलेलं 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७ मध्ये पाडलं गेलं. ते वाचवण्यासाठी अर्ज झाले होते, पण साठ वर्षं पूर्ण न झालेल्या इमारतींचा वारसा म्हणून विचार होणार नाही, अशी भूमिका तिथल्या वारसा समितीने घेतली.

बालगंधर्व पाडून नवं संकुल बांधण्याचा महापालिकेचा प्रस्तावही वादात सापडला. जास्त प्रेक्षागृहं, पार्किंग, नव्या सोयी हव्यात, हे एका बाजूचं म्हणणं. आहे तीच वास्तू दुरुस्त करून वापरता येईल, असं विरोध करणाऱ्या कलावंतांचं मत. दिल्लीचाच निकष लावला, तर बालगंधर्वला साठ वर्षं २०२८ मध्ये पूर्ण होतील. म्हणजे एखादी इमारत वारसा ठरण्याइतकी जुनी होते, त्याच सुमारास ती पाडण्याइतकी जुनीही वाटू लागते.

आयुका आतून पाहायची असेल, तर २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी ती सर्वांसाठी खुली असते. कुंडाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ नक्की बसा.