फाइफ जलाशय ते चौपाटी: खडकवासल्याच्या पाण्याचा इतिहास

मुठा नदीवरील खडकवासला धरणाशी पुणेकरांचे आजचे नाते दुहेरी आहे. नळाचे पाणी तेथून येते आणि रविवारी फिरायला जायचे तेही बहुधा तेथेच. 1869 साली धरणाचे काम सुरू झाले तेव्हा मात्र यांपैकी दुसरी गोष्ट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती आणि पहिलीही दुय्यम होती. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस पुण्याच्या पूर्वेस पोहोचेपर्यंत विरळ होत जातो, आणि या पर्जन्यछायेतील, म्हणजे डोंगराच्या आडोशामुळे पावसाला मुकणाऱ्या, भीमथडीच्या मुलखात दुष्काळ वारंवार पडत असे. घाटमाथ्याचे पाणी अडवून ते कालव्याने त्या कोरड्या रानापर्यंत न्यावे, ही योजना रॉयल इंजिनिअर्स या लष्करी अभियंता दलातील जे. जी. फाइफ यांनी आखली. भारतातील दगडी बांधकामाच्या पहिल्या मोठ्या धरणांमध्ये गणले जाणारे हे धरण पुरे होण्यास सुमारे दहा वर्षे लागली, आणि त्या मुदतीतच 1876-78 चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळून गेला. दरीत वीस किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेल्या पाण्याला सरकारी कागदपत्रांत ‘लेक फाइफ’ असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र काठच्या गावाचेच नाव राहिले.

धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा पुणे शहराच्या दक्षिण अंगाने, पर्वतीच्या पायथ्याजवळून हडपसरकडे आणि पुढे पाटसच्या दिशेने गेला. वाटेत शहर आणि लष्कर छावणी असल्यामुळे पिण्याचे पाणीही त्यातूनच घेतले जाऊ लागले. तोवर पुण्याची तहान नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून बांधलेल्या नळाच्या, म्हणजे जमिनीखालून हौदांपर्यंत येणाऱ्या बंदिस्त पाटाच्या, आणि घरोघरच्या आडांच्या पाण्यावर भागत असे. शेतीच्या बाजूने मात्र सरकारचा हिशेब सहजासहजी जुळला नाही. पाऊस बरा झाला की शेतकरी पट्टी भरून कालव्याचे पाणी घेण्यास फारसा राजी नसे, पाऊस दडी मारताच सर्वांना ते एकदम हवे असे, आणि बारमाही पाण्याची खरी गोडी लागली ती उसाला. दुष्काळावरचा उपाय म्हणून खणलेला कालवा सर्वाधिक पाणी पिणाऱ्या पिकाच्या कामी यावा, हा विरोधाभास महाराष्ट्राच्या सिंचनाला पुढेही सोडून गेलेला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी साठा अपुरा पडू लागला, तेव्हा मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी त्यावर तोडगा काढला. पुराचे जादा पाणी वाहून जाण्यासाठी धरणाच्या कडेला ठेवलेल्या सखल भिंतीला सांडवा म्हणतात, आणि खडकवासल्याच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात कित्येक फूट उंचीचे पाणी वाया जात असे. धरणाची मूळ भिंत न वाढवता विश्वेश्वरय्यांनी या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. 1903 मध्ये बसवलेल्या या रचनेचे एकस्व, म्हणजे शोधावरील कायदेशीर हक्क, त्यांच्या नावे होते, तरी आपल्याच अखत्यारीतील कामावर मोबदला घेणे त्यांनी नाकारले. याच प्रकारचे दरवाजे पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावर आले.

धरणाच्या पाण्याने परिसरात इतर संस्थाही आणून वसवल्या. 1916 मध्ये स्थापन झालेले आणि आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाणारे जलविज्ञानाचे केंद्र नंतर येथे हलले, कारण नद्यांच्या आणि बंदरांच्या मोठ्या प्रतिकृती चालवण्यास लागणारे पाणी येथे उताराने मिळू शकत होते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर काठावर सैन्याला समुद्रकिनाऱ्यावर उतरण्याचा सराव दिला जाई. त्यासाठी उभारलेले नकली जहाजही तेथे होते. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना हे पाणी आणि भोवतीचा डोंगराळ मुलूख या दोन्ही गोष्टी जमेस धरल्या गेल्या, आणि 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रापासून दूर असलेल्या या जलाशयात नौदलाचे भावी अधिकारी शिडाच्या होड्या हाकण्यास शिकतात.

फाइफांचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले. वरच्या बाजूस आंबी नदीवर बांधले जाणारे पानशेतचे मातीचे धरण पुरे झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या बोगद्याचे काम अपुरे होते, आणि तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठत गेले. खचू लागलेला बांध वाचवण्यासाठी जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी तो वाहून गेला. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याच्या दगडी भिंतीने काही तास तग धरला आणि दुपारी तीही ढासळली. नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शहर पुराने उद्ध्वस्त झाले आणि त्याच वेळी त्याचा मुख्य साठाही रिकामा झाल्याने लोकांना पुन्हा आड-विहिरींकडे वळावे लागले. अपुऱ्या धरणात पाणी साठू देण्याची किंमत निसर्गाच्या नावे मांडणे इतिहासाला धरून होणार नाही.

पुढे खडकवासला दुरुस्त झाले, पानशेत नव्याने उभे राहिले, आणि वरसगाव व टेमघर यांची भर पडून चार धरणांची साखळी तयार झाली. या साखळीच्या सुमारे 29 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, क्षमतेत खडकवासल्याचा वाटा दोनहून थोडा कमी आहे; तरीही वरचे सर्व पाणी शहराकडे आणि कालव्याकडे जाते ते त्याच्याच मुखातून.

करमणुकीचे ठिकाण म्हणून या काठाची आखणी कोणी केली नाही. सिंहगड आणि पानशेतकडे जाणारा रस्ता पाण्याला लागून जातो, आणि समुद्र नसलेल्या शहराने त्या अरुंद पट्टीला चौपाटी म्हणून टाकले; भाजलेली कणसे, कांदाभजी आणि भेळ विकणाऱ्यांच्या गाड्या तेथे लागल्या, आणि गडावरून पिठलं-भाकरी खाऊन उतरलेली मंडळी येथे हमखास थांबू लागली. पिण्याच्या पाण्याच्या काठावर एवढी गर्दी असावी काय, हा प्रश्न रास्त आहे, तसेच बुडून होणाऱ्या मृत्यूंमुळे पाण्यात उतरण्यावर घातलेली बंदीही. मात्र एवढ्या मोठ्या शहरात बिनतिकिटाचे मोकळे पाणी दुसरीकडे फारसे उरलेले नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडून नदीत किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, विसर्ग सोडला याचे आकडे बातम्यांत येऊ लागले आणि नदीपात्रातील सखल भिडे पूल पाण्याखाली गेला की सुटणारे पाणी पाहायला जाणाऱ्यांच्या वाहनांनी सिंहगड रस्ता भरून जातो, आणि पोलिसांना धरणाच्या वाटेवर बंदोबस्त लावावा लागतो.