पिशवीतला श्वास

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे असं सांगितलं की आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ऑक्सिजन देता ना?" देतो की! पण निम्मं काम असतं ते कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्याचं. त्याची किंमत वैद्यकाला कळली ती कोपनहेगनमध्ये, १९५२ साली.

त्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम हॉस्पिटलात काही दिवस तर रोज पन्नासेक रुग्ण येत. अनेकांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच लुळे पडलेले. आणि श्वास देणारी यंत्रं किती? एक लोखंडी पेटी आणि छातीवर बसवायची सहा कवचं! पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले.

त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे. ते अल्कलीधर्मी, तेव्हा रक्तात अल्कली वाढली असा अर्थ लावला जाई. का वाढली ते मात्र कुणालाच कळेना. ब्यॉर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ, दुसऱ्याचा श्वास सांभाळणं हे त्यांचं रोजचं काम. ते म्हणाले, प्रकार नेमका उलटा आहे. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड रक्तात आम्ल बनवतो. फुप्फुसं तो श्वासागणिक बाहेर टाकतात. ती कमी पडली की वायू साचतो, त्यातूनच थोडं बायकार्बोनेट बनतं, आणि मूत्रपिंडंही तोल सांभाळायला सावकाश, तासा-दिवसांच्या हिशेबाने, आणखी बायकार्बोनेट राखून ठेवतात. म्हणजे तो आकडा अपुऱ्या श्वासाची खूण होता! नुसता ऑक्सिजन दिला तर पेशंट गुलाबी दिसतो, आतून मात्र आम्लात बुडत असतो. (हे आजही नवशिक्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.)

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या विवी एबर्टच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली. पोरगी घुसमटत, धडपडत होती, हवा आत जाईना. इब्सेननी तिला झोपेचं औषध दिलं, धडपड थांबली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून त्यांनी श्वास द्यायला सुरुवात केली. कार्बन डायऑक्साइड उतरला. विवी वाचली.

त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचे पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएच मोजला. रक्त खरोखरच आम्ल निघालं. आज आम्ही दिवसातून कितीतरी वेळा करतो ती ब्लड गॅस तपासणी याच कामातून पुढे आली.

पण पिशव्या दाबायला हात कुठून आणायचे? सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी महिनोन् महिने पाळ्या केल्या. एकेका वेळी सत्तरपर्यंत पेशंट असे हातांवर जगत होते. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये इब्सेननी तिथल्याच दुसऱ्या एका हॉस्पिटलात जो विभाग उघडला, तो जगातला पहिला आय.सी.यू. मानला जातो.

ते विद्यार्थी लहान पेशंटना गोष्टी वाचून दाखवत, एक हात पिशवीवर ठेवून.